सीतेचा चेहरा कुणी ठरवला?

१/ परवा चित्रे बनवणाऱ्या एका एआय साधनाला मी एवढेच सांगितले : ‘अशोकवनातील सीता’. क्षणात चित्र आले. गोरा वर्ण, टपोरे डोळे, काठपदराची साडी, गालावर एका बाजूने पडलेला मंद प्रकाश. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, “किती प्राचीन वाटतं!” वस्तुतः हे रूप दीडशे वर्षांचेही नाही.

२/ १८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्मा यांच्याकडे पुराणप्रसंगांवरील चौदा चित्रांचे काम सोपवले. पेच असा की दमयंतीला नेसवायचे काय? केरळचे मुंडू, राजस्थानचा घागरा, मराठी लुगडे हे सारे होते. साऱ्या देशाचा म्हणावा असा एक पोशाख मात्र नव्हता. रविवर्म्यांनी उत्तर भारताचा प्रवास केला आणि अखेर साडी निवडली. ती निवड होती, परंपरा नव्हे.

३/ ही निवड घरोघरी पोहोचवली ती छापखान्याने. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत जर्मन यंत्रे आणून शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे. राजवाड्यातली लक्ष्मी आता चाळीतल्या भिंतीवर आली. ज्यांना देवळाचा उंबरा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांच्याही घरात ती आली. हे श्रेय नाकारता येणार नाही.

४/ याच छापखान्यात काही काळ धुंडिराज गोविंद फाळके यांनी काम केले. १९१३ चा त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांना ठाऊक आहेच. (त्यातली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने साकारली होती!) पुढे १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ आले.

५/ गंमत अशी, की आज ज्या चेहऱ्याला आपण अस्सल भारतीय मानतो, तो त्या काळी अनेकांना परका वाटला होता. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्यांच्या चित्रांवर कठोर टीका केली. त्यांना त्यांत युरोपचे अनुकरण दिसले. १९०५ मध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी ‘भारतमाता’ रंगवली, ती अगदी निराळ्या शैलीत. म्हणजे राष्ट्राचा चेहरा कसा असावा, यावर उघड वाद चालू होता.

६/ आणि या वादात ज्यांना कुणी विचारलेच नाही, ते आपल्या कोकणात होते. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात : कागदावरच्या चित्रांची पोथी, एकेक पान उलटत गायलेली रामकथा, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. तिथल्या पात्रांचे डोळे चेहऱ्यात मावत नाहीत, नाक टोकदार, रेघ ठसठशीत. छायाप्रकाश नाही, आणि त्याची गरजही नाही; उरलेले काम आवाज करतो. पैठण शैलीची अशी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. जरूर पाहा.

७/ एआय साधन शिकते ते त्याला दाखवलेल्या असंख्य चित्रांतून. जे रूप अधिक वेळा छापले गेले, तेच त्याला स्वाभाविक वाटते. रविवर्म्यांना निदान ‘साडीच का?’ असे विचारता आले असते आणि टीकाकारांना त्यांच्याशी भांडताही आले. इथे निवड झाली होती, हेच कुणाला दिसत नाही.

८/ मी पुन्हा लिहिले : ‘पिंगुळीच्या चित्रकथीतील सीता’. तीच सीता आली, तीच साडी, तोच प्रकाश. फक्त भोवती वारली चित्रांसारखी एक किनार वाढली होती.