बोनेरमधील किनारी स्कूबा डायव्हिंग
बोनेर हे दक्षिण कॅरिबियन समुद्रातील, नेदरलँड्सच्या अखत्यारीतील बेट किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरून केल्या जाणाऱ्या स्कूबा डायव्हिंगसाठी प्रसिद्ध आहे. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहत असल्याने पूर्व किनारा खवळलेला, तर पश्चिम किनारा बहुधा शांत असतो. येथील स्थळांची नावे रस्त्यालगतच्या पिवळ्या दगडांवर रंगवलेली आहेत. सोबत नवशिका पाणबुड्या असल्यास स्थळाच्या कीर्तीपेक्षा पाण्यात शिरण्याची व बाहेर पडण्याची वाट पाहणे श्रेयस्कर, कारण पाठीवर जड सिलिंडर असताना उथळ पाण्यातील निसरड्या खडकांवर तोल सहज जातो. ‘थाउजंड स्टेप्स’ येथे पायऱ्या हजार काय, शंभरही नाहीत; तरी परतताना त्या सर्व साहित्यानिशी चढाव्या लागतात. १९८४ मध्ये बुडालेले ‘हिल्मा हूकर’ जहाज सुमारे ३० मीटर खोलीवर आहे. प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्यांसाठीची नेहमीची मर्यादा १८ मीटर असते.