काळ्या दारूचे काडतूस

काळ्या दारूचे काडतूस म्हणजे मोजून घेतलेली दारू आणि शिशाची गोळी एकाच वेष्टनात बांधून केलेला बंदुकीचा तयार बार. सोरा, कोळसा व गंधक यांच्या मिश्रणाची ही दारू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लष्करी बंदुकांत वापरली जाई.

ठासणीच्या बंदुकीचे वेष्टन कागदी असे. शिपाई पुडी दाताने फोडून दारू नळीत ओती, मागोमाग गोळी गजाने ठासून बसवी आणि शेवटी तांब्याची टोपी चढवी. 1853 च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीची नळी 14.66 मिमी व्यासाची होती. तिच्या बारात सुमारे 4.4 ग्रॅम दारू व 34 ग्रॅमची गोळी असे. गोळी मागून पोकळ असल्याने दाबाने फुगून नळीतल्या आट्यांत घट्ट बसे.

काळी दारू पुरती वायुरूप होत नाही. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. ही काजळी साचली की पुढची गोळी खाली उतरत नाही, म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला वंगण लावावेच लागे. हिंदी शिपायांतला 1857 चा काडतुसांचा वाद याच गरजेतून उद्भवला. वंगणात गाय व डुकराची चरबी असल्याची बातमी जानेवारीत डमडमच्या छावणीतून पसरली. वंगण स्वतः निवडून लावण्याची व पुडी हाताने फोडण्याची मुभा सरकारने दिली, तरी उडालेला विश्वास परतला नाही. 24 एप्रिलला मेरठच्या 85 स्वारांनी काडतुसे नाकारली.

1857 च्या उठावातला साताऱ्याकडचा असंतोष मात्र काडतुसापुरता मोजणे चुकीचे ठरेल. 1848 मध्ये खालसा झालेली गादी, नाकारलेले दत्तक आणि इनाम कमिशनची चौकशी ही त्याची खोल मुळे होती. साताऱ्याच्या राजाची बाजू लंडनमध्ये वर्षानुवर्षे मांडून परतलेले रंगो बापूजी गुप्ते यांनी इथे उठावाची जुळवाजुळव केली. ती उघडकीस आल्यावर 8 सप्टेंबर 1857 रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर 17 जणांना देहदंड देण्यात आला. रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत.

1857 च्या उठावानंतर हिंदी पलटणींना मुद्दाम आटे नसलेल्या नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. पुढे स्नायडर (1866) व मार्टिनी-हेन्री (1871) या मागून भरायच्या रायफलींसाठी पितळी काडतूस आले. मार्टिनीच्या काडतुसात सुमारे 5.5 ग्रॅम दारू व 31 ग्रॅमची गोळी असे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, म्हणजे याच संक्रमणकाळातला. 1890 च्या दशकात बिनधुराच्या दारूने काळ्या दारूला मागे सारले.

परदेशांतील संग्राहक अशा रायफलींची पितळी काडतुसे आजही हाताने पुन्हा भरतात. त्यात नियम दोनच, पण कडक आहेत. दारू व गोळी यांच्यात पोकळी राहू द्यायची नाही, नाहीतर नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. आणि काळ्या दारूसाठी घडवलेल्या जुन्या बंदुकीत बिनधुराची दारू कधीच घालायची नाही, कारण तिचा दाब त्या पोलादाला झेपत नाही. उडवलेले कवच लगेच धुवावे लागते. अवशेष ओलावा ओढून धातू खातात.

भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे.