सवत गेली, शब्द राहिला

परवा लासलगावात आमच्या खळ्यावर कांदे निवडणं चाललं होतं. नवरा रात्रभर फोनवर असतो म्हणून एक वहिनी वैतागून म्हणाल्या, "मोबाइल नाही, सवत आहे माझी!" सगळ्या हसल्या. माझी आजी तेवढी हसली नाही. तिच्या आईला खरोखरची सवत होती.

मग मी या शब्दाच्या मागे लागलो. संस्कृतात 'सपत्नी', प्राकृतात 'सवत्ती', मराठीत 'सवत'. नाशिकच्या पांडवलेणीत ज्यांचे शिलालेख आहेत, त्या सातवाहनांच्या हाल राजाच्या नावावरच्या 'गाथासप्तशती'त ही सवत्ती भेटते. त्याहून मागे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक बाई सवतीला हरवायला चक्क वनस्पती खणून काढते. आणि गंमत बघा, संस्कृतात शत्रूला 'सपत्न' म्हणतात, तो शब्द 'सपत्नी'वरूनच बनला. म्हणजे आधी सवत, मग शत्रू!

कँटोनीज भाषेत प्रेमात जळणं म्हणजे 'व्हिनेगर पिणं'. बाई पिते, तसा पुरुषही पितो. आपल्याकडे मात्र दोन पुढारी भांडले तरी 'सवतीमत्सर'! भांडण पुरुषांचं, नाव बायकांचं. 'दोन बायका, फजिती ऐका' ही म्हण घ्या. फजिती कुणाची? नवऱ्याची. दुसरं लग्न केलं कुणी, हे कुणी विचारतच नाही.

कायद्याने मात्र विचारलं. 1946 मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंमधल्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली. आपला नाशिक जिल्हा तेव्हा याच प्रांतात. कायद्याला कोर्टात आव्हान मिळालं. नरसू अप्पा माळी खटल्यात 1951 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मग 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्वाची अट देशभर आणली.

पण कायद्याआधी झालेली लग्नं तशीच राहिली. आजीच्या घरातलंही. मी तिला विचारलं, "दोघी खूप भांडायच्या का गं?"

ती म्हणाली, "भांडायच्या की. पण एक आजारी पडली, की दुसरी तिच्या वाटचंही दळायची. दोघींना विचारलं कुठं होतं कुणी?"

तेव्हा मंडळी, फोनला सवत म्हणा खुशाल. फक्त फोन हातात धरणारा कोण, तेही एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात!