न्यूट्रल सुटला ८.२०ला

ही एका ठरावीक तारखेची बातमी नाही. मृगाच्या तोंडावर राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी ही संध्याकाळ कशी घडत जाते, त्याचा हा क्रम.

दुपारी ४.०० घरोघरी कूलर चालू. चौकातली डीपी ११ हजार व्होल्टचे ४३३ करून तीन फेज आणि एक न्यूट्रल गावात सोडते. तिन्ही फेजवर भार सारखा असावा, पण ज्याला जी तार जवळ पडली तिच्यावर जोडणी झालेली. भारातला फरक न्यूट्रलमधून परततो. त्याच्या सांध्याचा नट ढिला आहे, सांधा तापतो आहे. घरात २३० व्होल्ट ठीक येत असल्यामुळे कुणाला पत्ता नाही.

५.३० कळंबच्या बाजूने ढग. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. संगणकाचा प्लग आणि डिशची केबल भिंतीतून काढायची हीच वेळ. बटण बंद करणं पुरेसं नाही; विजेचा झटका बटणातली फट उडी मारून ओलांडतो.

६.१० वावटळ सुटते, लाइन जाते. कूलर, फ्रिज, टीव्ही, सेतू केंद्रातला संगणक यांची बटणं चालूच राहतात.

७.४५ वायरमन फांदी काढून फीडर चालू करतो. ‘लाइन आली!’ गावातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. चालू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. तापलेल्या सांध्याला हे सोसणं कठीण.

८.२० सांधा सुटतो. करंटला न्यूट्रलमधून डीपीकडे परतायची वाट उरत नाही, आणि दोन फेजवरची घरं ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. कूलर-फ्रिजवाल्या घरात दिवे मंद होतात. शेजारी फक्त टीव्ही, संगणक आणि एक दिवा. तिथे ३००च्या वर व्होल्टेज चढतं. दिवा आधी लखलखतो, मग उडतो.

८.२१ संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये २३०चे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात; ३२० आले की ४५० होतात. आतले कपॅसिटर बहुधा ४०० ते ४५० व्होल्टचे. एक फुटतो. स्पाइक गार्डमधली चकती विजेचा क्षणभराचा झटका गिळायला केलेली; मिनिटभर चढलेल्या व्होल्टेजपुढे ती जळते, कधी पेटतेही. एमसीबी करंट ओळखते, ईएलसीबी गळती. व्होल्टेज ओळखणारं घरात काहीच नाही.

८.४० डीपी बंद होते. कुणी म्हणतं, वीज पडली. विजेला हा दोष उगाच मिळतो, आणि ढिल्या नटाची तक्रार कुणीच करत नाही.

मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ बसवला असता तर सुमारे २७० व्होल्टला त्याने घराची लाइन तोडली असती आणि व्होल्टेज सरळ झाल्यावरच परत जोडली असती. परवानाधारक वायरमनकडून तो बसवून घ्या. त्याच फेरीत अर्थिंग तपासा, आणि जुन्या बोर्डात न्यूट्रलवर फ्यूज असेल तर तो काढायला लावा. दिवे कधी मंद, कधी प्रखर दिसू लागले तर मेन स्विच पाडा आणि महावितरणला १९१२वर कळवा. डीपीला स्वतः हात लावू नका.