कर्नलच्या हाताखालचा गव्हर्नर

धारूरकडचा मिस्त्री विहिरीवरचं डिझेल इंजिन खोलून ‘गव्हर्नर’ म्हणतो, तेव्हा त्याला राजभवन आठवत नाही. त्याच्यापुढे असतात गरगर फिरणारी वजनं. पंपाचा पट्टा निसटला की भार एकदम जातो आणि इंजिन पळायला बघतं. वेग वाढताच वजनं बाहेर फेकली जातात, तो ओढा दांड्यांमधून इंधनपंपाला पोचतो, डिझेल कमी पडतं आणि इंजिन मूळ ठेक्यावर येतं. स्प्रिंग थकली की ठेका सतत खालीवर होतो. तो आवाज ऐकूनच मिस्त्री निदान करतो.

माणूस-गव्हर्नर या भागात उशिरा आला. धारूर निजामाच्या राज्यात; गव्हर्नर तिकडे मुंबई इलाख्यात, इकडे जिल्ह्याला अव्वल तालुकदार. १९४८च्या पोलीस कारवाईनंतर मेजर जनरल जे. एन. चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले. पुढे राज्यघटनेनंतर ‘राज्यपाल’ रुळला. रिझर्व्ह बँकेत चिंतामणराव देशमुख १९४३मध्ये ज्या पदावर बसले, ते मात्र मराठी वर्तमानपत्रांत आजही ‘गव्हर्नर’च.

इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचने लॅटिन ‘गुबेर्नातोर’वरून आणि लॅटिनने ग्रीक ‘किबेर्नेतेस’वरून. अर्थ, सुकाणू धरणारा. म्हणजे तंतोतंत आपला कर्णधार, कारण संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणूही. (खुद्द ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आलेला. धारूरकडे तो अग्रलेखाबाहेर क्वचितच भेटतो.) जेम्स वॅटने १७८८मध्ये वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर बसवला, मॅक्सवेलने १८६८मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि नॉर्बर्ट वीनरने, पुन्हा १९४८मध्येच, त्याच ग्रीक मुळावरून ‘सायबरनेटिक्स’ हे नाव पुस्तकाला दिलं. आपले सायबर पोलीस त्याच घराण्यातले.

आता हाच गव्हर्नर खिशातल्या मोबाइलमध्येही आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल असतो. हा फौजेतला कर्नल नव्हे. फौजेतला इटालियन ‘कोलोन्ना’ म्हणजे स्तंभ, रांग यावरून आला. संगणकातला जुन्या इंग्रजीतल्या ‘दाणा’ या अर्थाच्या शब्दावरून. इंग्रजी लेखनात दोघे वेगळे दिसतात, देवनागरीत जुळे. त्यामुळे मराठीत लिहिलं की कर्नलच्या हाताखाली गव्हर्नर, असा भलताच दरबार भरतो!

या कर्नलला चिपमधलं सगळं आपोआप कळत नाही. मोबाइलच्या चिपबाबत ते ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वर्णनात लिहून द्यावं लागतं: प्रोसेसर किती हर्ट्झवर चालू शकतो, त्या वेगाला किती मायक्रोव्होल्ट लागतात, झोपेतून उठायला किती मायक्रोसेकंद जातात. त्या यादीतून वेगाचा टप्पा निवडतो तो गव्हर्नर. इथे व्होल्टेजला फार महत्त्व, कारण चालू प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. या गव्हर्नरांची नावंही मजेशीर: ‘परफॉर्मन्स’, ‘पॉवरसेव्ह’, ‘ऑनडिमांड’, २०१६पासून ‘स्केडयुटिल’.

पण काम बघा, उलटं झालंय. इंजिनातला गव्हर्नर भार बदलला तरी वेग ढळू देत नाही. मोबाइलमधला ‘ऑनडिमांड’ भार बदलला की वेगच बदलतो. ‘वेगस्थापक’सारखा प्रतिशब्द म्हणूनच पहिल्याला चालेल, दुसऱ्याला अडेल, ‘कर्णधार’ दोघांनाही चालतो. अर्थात मिस्त्री तो वापरणार नाही, आणि प्रोग्रामरही नाही. शिवाय प्रोसेसरने झोप किती गाढ घ्यायची हे ठरवणारे कर्नलमधले गव्हर्नर वेगळेच असतात, आणि त्यांतल्या एकाचं नाव चक्क ‘मेनू’ आहे.