ग्रँट डफपासून ‘स्पेशल हिस्ट्री’पर्यंत

पुण्यातल्या कुठल्याही आर्ट्स कॉलेजच्या कट्ट्यावर ‘जी वन’, ‘एस वन’, ‘एस टू’ ही परवलीची भाषा वर्षानुवर्षे ऐकू येत आली आहे. एफ.वाय.ला इतिहासाचा एक जनरल पेपर, एस.वाय.ला त्याच्या जोडीला दोन स्पेशल, टी.वाय.ला आणखी दोन. ‘माझं स्पेशल हिस्ट्री आहे’ असे सांगणारा विद्यार्थी म्हणजे इतिहासाचा पदवीधर होऊ घातलेला माणूस. पुष्कळ वर्षे त्याचा पहिला पेपर छत्रपती शिवाजी महाराज आणि त्यांच्या काळावरचा असे. ही रचना इतकी अंगवळणी पडली आहे की, इतिहास हा पदवीचा विषय कधीतरी नव्हताच, हे सांगूनही खरे वाटत नाही.

पण तो नव्हता. 6 ऑक्टोबर 1821 रोजी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली, ती पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून. तिथे व्याकरण, न्याय, वेदान्त, ज्योतिष, धर्मशास्त्र शिकवले जाई. इतिहासाला जागा नव्हती. पेशवाई बुडून जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे पेठांमधून हिंडत होती. त्यांच्याकडे भूतकाळ नव्हता असे नाही. बखरी होत्या, कैफियती होत्या, करीने, शकावल्या आणि रोजकीर्दी होत्या. मात्र हे सारे दप्तरात बसून, थोरल्या कारकुनाच्या हाताखाली शिकायचे. त्याची परीक्षा नव्हती, की पदवी नव्हती.

पदवी आली ती 1857 साली मुंबई विद्यापीठाबरोबर. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाने बी. ए.च्या परीक्षेत भाषा, गणित, तर्कशास्त्र यांच्याबरोबर इतिहासही ठेवला. खुद्द इंग्लंडात तरी हा विषय किती जुना होता? ऑक्सफर्डमध्ये आधुनिक इतिहासाची स्वतंत्र पदवी-परीक्षा 1872 मध्ये झाली. त्याआधी तो कायद्याला जोडलेला होता. केंब्रिजचा इतिहासाचा ट्रायपॉस 1873 चा. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांना इतिहासाचा पेपर पडू लागला, तेव्हा इंग्लंडातली जुनी विद्यापीठेही या विषयाची घडी बसवतच होती.

1862 साली या विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले. दोघेही मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे, आणि दोघांची पुढची कीर्ती पुण्याशी जोडलेली. रानड्यांनी इतिहास आणि अर्थशास्त्र घेऊन ऑनर्सही मिळवला.

या मुलांना मराठ्यांचा इतिहास वाचायचा तर पुस्तक एकच होते. साताऱ्याचा माजी रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने 1826 साली लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केलेला मराठ्यांचा इतिहास. कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचे मराठी रूपांतर केले आणि ‘मराठ्यांची बखर’ या नावाने ते शाळाशाळांत पोचले. ज्यांच्या आजोबांनी खर्ड्याची लढाई पाहिली, ती नातवंडे तिची हकिकत एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकातून पाठ करीत होती.

त्या पुस्तकाला पहिला जाहीर सवाल केला तो एका विशीतल्या तरुणाने. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1868 च्या सुमारास पुण्यातल्या तरुणांच्या सभेपुढे ग्रँट डफवर टीका करणारा निबंध वाचला. त्यांचा सूर शिवीगाळीचा नव्हता, आणि म्हणूनच तो निबंध टिकला. डफची मेहनत त्यांनी मान्य केली. मग विचारले की, या इतिहासात स्वाऱ्या आणि लढाया आहेत, पण लोक कुठे आहेत? राज्याचा कारभार, रीतिभाती, समाजाची घडण कुठे आहे? आणि ज्या कागदांवरून हे लिहिले, ते आम्हाला पाहायला कधी मिळणार? अस्सल कागद छापून काढा, ही मागणी त्यातूनच पुढे आली. पुण्यात इतिहासाच्या पदवी-शिक्षणाचा खरा उगम शोधायचा झाला, तर तो कुठल्याही सिलॅबसपेक्षा या प्रश्नात सापडतो.

त्या मागणीला दहा वर्षांत फळ आले. विष्णुशास्त्री चिपळूणकर बी. ए. होऊन 1874 पासून ‘निबंधमाला’ लिहीत होते आणि तीत इतिहासावर त्यांनी मोठा निबंध लिहिला. 1878 मध्ये काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला. घराघरांत बासनात पडलेल्या बखरी आणि पत्रे दर महिन्याला छापून येऊ लागली. कॉलेजात शिकलेली पिढी आपल्या पाठ्यपुस्तकाचा आधार स्वतः तपासायला निघाली होती.

दरम्यान विश्रामबागवाड्यातली ती पाठशाळा पूना कॉलेज झाली, 1864 मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि 1868 मध्ये ती येरवड्याच्या दगडी इमारतीत गेली. 1885 साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. तिथे गोपाळ कृष्ण गोखले यांनी इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवले. 1916 मध्ये न्यू पूना कॉलेज, म्हणजे पुढचे स. प. महाविद्यालय, आले. इतिहासाचा बी. ए. आता सरकारी कॉलेजातून पेठांच्या जवळ येत होता.

या साऱ्या पदवीधरांत इतिहासाचा सर्वांत अवघड विद्यार्थी म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. डेक्कन कॉलेजात इतिहास हा विषय घेऊन 1890 च्या आसपास ते बी. ए. झाले. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयात आणि आखाड्यात त्यांचा वेळ अधिक गेला. ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या लेखात त्यांनी आपल्या शिक्षणाचा जो हिशेब मांडला, तो पुण्यातल्या प्रत्येक प्राध्यापकाने वाचावा असा आहे. पदवी घेतल्यावर त्यांचा अभ्यास खरा सुरू झाला. वाईला पानिपतच्या काळातली पत्रे हाती लागली आणि 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. असे 22 खंड झाले. 7 जुलै 1910 रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले.

इथे या कुळकथेला दोन शाखा फुटल्या. एकीकडे कॉलेज: तास, नोट्स, परीक्षा, पदवी. दुसरीकडे मंडळ: कागद, शिलालेख, नाणी, सभेत वाचलेले टिपण आणि त्यावर कडाक्याचा वाद. अनेक माणसे दोन्हीकडे वावरली; दत्तो वामन पोतदार मंडळाचे आधारस्तंभ होते आणि 1961 ते 1964 पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही. पण अभ्यासक्रम आणि कागद एका छपराखाली क्वचितच आले. सरकारच्या ताब्यातले पेशवे दप्तर तर अभ्यासकांना फार काळ जवळजवळ बंदच होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडलेले त्यातले कागद 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत छापले गेले, तेव्हा कुठे ते सामान्य वाचकाच्या हाती पडले.

डेक्कन कॉलेजची गोष्टही याच फाटाफुटीची. सरकारने ते 1934 मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि 1939 मध्ये ते पुन्हा उघडले, पण पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था म्हणून. हसमुख सांकलिया यांचे पुरातत्त्व आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा मराठ्यांचा इतिहास तिथे नांदला, बी. ए.चे वर्ग मात्र तिथून कायमचे गेले. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि शहरातली कॉलेजे मुंबईऐवजी त्याच्याशी जोडली गेली. भाषेचे म्हणाल तर, आज इतिहासाची उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. या बाबतीत आघाडी घेतली होती ती धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने: 1916 पासून तिथे पदवीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून होते, आणि 1921 मध्ये त्याच्या पहिल्या पाच पदवीधर स्त्रिया बाहेर पडल्या.

अभ्यासक्रमापासून दूर राहिलेल्या या जुन्या कागदांपाशी बसल्यावर काय घडते, ते एका ओळीवरून कळेल. पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. ते सोडले की एका सलग रेघेला लटकलेली मोडी अक्षरे दिसतात, आणि कुठेतरी तारीख येते: ‘इहिदे सबैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले 1171, हे सुहूर सन. त्यात 599 मिळवले की 1770 येते. सुहूर सन मृगाला सुरू होतो, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत 600 मिळवायचे. कागद 1770-71 चा, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला ठरला. अरबी अंक, मराठी शेतकऱ्याचे नक्षत्र आणि पेशव्यांचा कारभार एका तारखेत कसे नांदले, हे शिकवायला प्राध्यापकाला याहून वेगळा धडा नको.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना आता क्रेडिट्स आहेत. कीर्तन्यांनी मागितलेल्या कागदांपैकी पुष्कळ छापून झाले, दप्तर उघडे आहे, मंडळात आणि इतरत्र मोडीचे वर्ग चालतात. सदाशिव पेठेतले मंडळ, पेशवे दप्तर आणि डझनभर कॉलेजे एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. देशातल्या फार थोड्या शहरांना हे भाग्य लाभले आहे. तेव्हा पुण्यातल्या इतिहास विभागांनी ही क्रेडिट्स एखाद्या कंटाळवाण्या अहवालावर खर्च करू नयेत. स्पेशल हिस्ट्री घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने पदवीआधी निदान एक मोडी कागद स्वतः वाचावा, त्याची तारीख लावावी आणि तो काय सांगतो यावर दोन पाने लिहावीत, एवढी अट अभ्यासक्रमात घालावी. येत्या जूनपासून हे सहज सुरू करता येईल.