सचिन डावखुरा, मग बॅटिंग उजव्या हाताने का?

सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, पण बॅटिंग करायचा उजव्या हाताने. सांगलीची स्मृती मानधना नेमकी उलट: मूळची उजव्या हाताची, पण बॅटिंग डावखुरी. असं कसं?

दोघांची बॅटवरची पकड आठवा. सचिनचा डावा हात वर असायचा, स्मृतीचा उजवा असतो. म्हणजे दोघांचाही सवयीचा हात वर! वरचा हात बॅटची दिशा सांभाळतो, खालचा जोर देतो.

आईस हॉकीतही तेच. स्टिकवर खाली डावा हात असेल, तर खेळाडू 'लेफ्ट शॉट' समजला जातो. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू लेफ्ट शॉट आहेत. पण लिहिताना बहुतेक जण उजवेच!

आपल्या मैदानी हॉकीत मात्र ही निवडच नाही. चेंडू स्टिकच्या सपाट बाजूनेच मारायचा आणि डावखुरी स्टिक चालत नाही. खडकीचे धनराज पिल्ले असोत की रत्नागिरीतला एखादा शाळकरी मुलगा, डावा हात वर, उजवा खाली.

म्हणून मूल कोणत्या हाताने लिहितं, यावरून त्याची बॅटिंगची बाजू ठरवू नका. दोन्हीकडून खेळून बघू द्या. जे सोपं वाटेल, तेच त्याचं.